आजाराची कुंडली : गुंतागुंतीच्या आजाराच्या मुलांची माहिती कोणाकडे, किती आणि कशी असावी?

बार्शीच्या एसटी स्थानकावर पहाटेच्या सोलापूर आणि पुण्याच्या गाड्यांची वाट पाहणाऱ्यांत एखादे तरी जोडपे असे दिसते, की ज्यांच्या कडेवर आजारी मूल असते आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक्स-रे असतात, रक्ततपासणीचे कागद असतात, तीन-चार दवाखान्यांचे केसपेपर असतात आणि घडी पडून फाटत आलेल्या औषधचिठ्ठ्या असतात. त्या मुलाचा सारा वैद्यकीय इतिहास या पिशवीत भरलेला असतो. मोठ्या रुग्णालयातील डॉक्टर 'आतापर्यंत काय काय झाले?' असे विचारतात, तेव्हा आई-वडील ती पिशवी टेबलावर रिकामी करतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात त्यातला प्रत्येक कागद वाचण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो. मग नेमका महत्त्वाचा कागद खाली राहतो, तपासण्या पुन्हा होतात आणि क्वचित, पूर्वी ज्या औषधाने मुलाला त्रास झाला होता तेच औषध पुन्हा दिले जाते.

आपल्याकडे मूल जन्मले की कुंडली काढून ट्रंकेत जपून ठेवण्याची रीत जुनी आहे. आजाराची कुंडली मात्र फार थोड्या घरांत सापडते. ज्या मुलाला साधा सर्दी-ताप येतो त्याचे तिच्यावाचून फारसे बिघडत नाही. परंतु जन्मजात हृदयविकार, अपस्मार, सेरेब्रल पाल्सी, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, बालमधुमेह, मूत्रपिंडाचा दीर्घ विकार किंवा रक्ताचा कर्करोग यांसारखे आजार असलेल्या मुलाचे प्राण कित्येकदा माहिती वेळेवर योग्य हाती पोहोचण्यावर अवलंबून असतात.

बार्शीने घालून दिलेला धडा

माहिती पोहोचली की आजाराचे चित्र पालटते, हे सिद्ध करून दाखविणाऱ्या देशातील मोजक्या गावांत बार्शीचे नाव घ्यावे लागते. १९८७ साली येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील परांडा व भूम अशा तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत घेण्यात आली. नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम यांच्याशी हे काम जोडलेले होते. बार्शीचे शल्यविशारद डॉ. बी. एम. नेने यांचा या कामात मोठा वाटा होता.

शहरातील कर्करोग नोंदणी साधारणतः रुग्णालयांच्या दफ्तरांवर चालते. नोंदणी कर्मचारी रुग्णालयात जातात आणि तेथील नोंदी उतरवून घेतात. खेड्यात ही पद्धत लंगडी पडते, कारण अनेक रुग्ण मुळात रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे बार्शीच्या नोंदणीने वाट बदलली. कर्मचारी ठराविक काळाने गावोगाव जाऊ लागले. त्यांनी लोकांच्या बैठका घेतल्या, घरी जाऊन बोलणे केले, कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये हे लोकांच्या बोलीत सांगितले आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी बार्शीला येण्यास राजी केले. माहिती गोळा करण्यासाठी आधी माहिती द्यावी लागली.

याचा परिणाम आकड्यांत उतरला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत निदानासाठी येऊ लागल्याचे या भागातील अभ्यासातून दिसले आणि तो अभ्यास १९९५ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी सुरू झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापले. विषाणूची एकच तपासणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते.

हे काम प्रौढ स्त्रियांच्या आजाराचे होते. तरी त्यातील सूत्र मुलांच्या आजारालाही जसेच्या तसे लागू पडते. माहिती खात्रीची हवी, ती समजेल अशा शब्दांत हवी आणि ती दारापर्यंत जायला हवी. गुंतागुंतीचा आजार असलेल्या मुलाच्या बाबतीत आणखी एक अट वाढते, ती म्हणजे माहिती त्या एका मुलाची हवी.

एकच ताप, निरनिराळी उत्तरे

तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता ताप आलेले मूल दवाखान्यात आले, तर बहुतेक वेळा डॉक्टरांनी दिलेले तापाचे औषध आणि धीर पुरेसा ठरतो. मात्र तोच ताप काही मुलांच्या बाबतीत धोक्याची घंटा असतो.

समजा, वैरागजवळच्या एखाद्या वस्तीवरील सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग आहे आणि आठवड्यापूर्वीच तिला मोठ्या शहरातील रुग्णालयात केमोथेरपी दिली आहे. या औषधांमुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी काही दिवस अत्यंत कमी होतात. अशा वेळी आलेला ताप जंतुसंसर्गाचे एकमेव लक्षण असू शकतो. तिला तातडीने रुग्णालयात नेऊन शक्यतो तासाभराच्या आत शिरेतून प्रतिजैविके सुरू करावी लागतात. रक्तातील बिंबिकाही घटलेल्या असू शकतात, त्यामुळे कमरेत दिलेले तापाचे साधे इंजेक्शनही रक्तस्रावाला निमंत्रण ठरू शकते. जवळच्या डॉक्टरांना हे ठाऊक नसेल तर ते नेहमीचा उपचार करतील. त्यात त्यांचा दोष फारसा नसेल, कारण त्यांना कोणी सांगितलेलेच नसेल.

अशी उदाहरणे इतर आजारांतही आहेत. मूत्रपिंडाच्या विकारासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाचे औषध एकाएकी बंद झाले तर ते धोक्यात येऊ शकते. मोठ्या आजारपणात त्याची मात्रा वाढवावीही लागते. तसेच मोठ्या मात्रेतील स्टेरॉइड चालू असताना जिवंत विषाणूंची लस टाळली जाते. हिमोफिलियाच्या मुलाला स्नायूत इंजेक्शन देणे, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देणे किंवा पूर्वतयारीशिवाय दात काढणे हे सारेच घातक ठरू शकते. मेंदूतील पाणी उतरविण्यासाठी नळी बसविलेल्या मुलाला उलट्या, डोकेदुखी आणि गुंगी एकत्र आली, तर पित्त झाले असे समजून चालत नाही. नळी तुंबली आहे काय, हे आधी पाहावे लागते. बालमधुमेहाच्या मुलाने आजारपणात जेवण सोडले म्हणून इन्सुलिन पूर्णपणे थांबविणे हीदेखील अशीच जिवावर बेतणारी चूक आहे.

या प्रत्येक उदाहरणात निर्णायक माहिती एक-दोन वाक्यांत मावणारी आहे. ती नसेल तर उत्तम डॉक्टरही चुकीच्या वाटेने जाऊ शकतो. ती हाताशी असेल तर नुकताच रुजू झालेला तरुण वैद्यकीय अधिकारीही मुलाला वाचवू शकतो.

'पाच मिली' म्हणजे किती?

माहितीतील लहानशी ढिलाई किती महाग पडते, याचा उत्तम नमुना म्हणजे रोजच्या वापरातील पॅरासिटामॉल. मुलांची मात्रा वयापेक्षा वजनावर ठरते. दर किलोला १५ मिलिग्रॅम हा सर्वसाधारण हिशेब धरला, तर दहा किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिलिग्रॅम औषध लागते. बाजारात हेच औषध निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे त्यासाठी सहा मिली लागतील आणि पाच मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे तीन मिली. तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत मात्र एका मिलीतच १०० मिलिग्रॅम औषध असते. त्यामुळे त्याचे दीड मिलीच पुरे होतात.

आता एखाद्या आजीने 'मागच्या वेळी सहा मिली दिले होते' एवढेच लक्षात ठेवून थेंबांच्या बाटलीतील सहा मिली पाजले, तर बाळाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध जाईल. एकच औषध अनेक नावांनी विकले जाते; उलट नावे एकसारखी आणि आतील द्रव्ये वेगळी, असेही घडते. म्हणूनच औषधाची नोंद ठेवताना केवळ 'लाल औषध, एक झाकण' असे म्हणून भागत नाही. द्रव्याचे नाव, बाटलीवरील तीव्रता, मिलिग्रॅममधील मात्रा, दिवसातील वेळा आणि ज्या दिवशी मुलाचे वजन केले ती तारीख, या पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. वाढत्या मुलाचे सहा महिन्यांपूर्वीचे वजन आज खरे नसते आणि अपस्मारासारख्या आजारात वजन वाढूनही मात्रा जुनीच राहिली तर झटके पुन्हा सुरू होऊ शकतात.

एका पानाची कुंडली

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची आणि आपत्कालीन वैद्यकीय तज्ज्ञांची संघटना यांनी १९९९ मध्ये विशेष आरोग्यगरजा असलेल्या मुलांसाठी तातडीच्या माहितीचा एक नमुना तक्ता तयार केला. जपानमध्ये १९४८ पासून आई व बाळाची एकत्रित आरोग्यपुस्तिका कुटुंबाकडेच असते. आपल्याकडील माता व बाल संरक्षण कार्डही याच विचारातून आलेले आहे. त्यात लसीकरण आणि वाढीचा आलेख असतो; मात्र गुंतागुंतीच्या आजाराला पुरेल एवढी जागा त्यात नाही. ती उणीव एका कोऱ्या पानाने भरून काढता येते.

या पानावर सर्वांत वर मुलाचे नाव, जन्मतारीख, रक्तगट, वजन व त्याची तारीख असावी. त्याखाली निदान, वैद्यकीय नावानिशी आणि सोप्या मराठीतही. मग चालू औषधे, त्यांच्या मात्रांसह. त्यानंतर ठळक अक्षरांत दोन रकाने : 'हे कधीही देऊ नका' आणि 'असे झाले तर आधी हे करा'. पहिल्यात ॲलर्जी आणि निषिद्ध औषधे येतील, तर दुसऱ्यात ताप, झटका, श्वासाचा त्रास अशा त्या मुलाच्या बाबतीत संभवणाऱ्या प्रसंगांवरील सूचना. झालेल्या शस्त्रक्रिया, शरीरात बसविलेली नळी किंवा उपकरण, घेतलेल्या व टाळलेल्या लसी यांची नोंद त्यापुढे. 'नेहमीची अवस्था' ही नोंद बहुधा विसरली जाते. पण ती मोलाची आहे. जन्मजात हृदयविकार असलेल्या एखाद्या मुलाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण नेहमीच कमी असते. ते ठाऊक नसेल तर नवा डॉक्टर गडबडून जाईल. बोलू न शकणारे मूल दुखत असेल तर ते कसे दाखविते, हे आईशिवाय कोण सांगणार? तेही पानावर हवे. शेवटी उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचे नाव व दूरध्वनी आणि पान कोणत्या तारखेला लिहिले ती नोंद.

हे पान पालकांनी लिहावे. मात्र त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची नजर फिरावी आणि सही असावी. स्मरणातून लिहिलेल्या माहितीत चूक राहते आणि चुकीची माहिती लेखी झाली की तिचे वजन आणखी वाढते. प्रत्येक मोठ्या तपासणीनंतर नवे पान करावे आणि जुन्यावर स्पष्ट काट मारावी. एक प्रत घरी, एक आईच्या पर्समध्ये, एक शाळेत आणि एक छायाचित्र भ्रमणध्वनीत, एवढी तजवीज पुष्कळ झाली.

कोणाला काय सांगावे?

येथे खरी अडचण सुरू होते. आजार लपविण्याकडे घरांचा कल असतो, आणि त्याला कारणेही आहेत. 'कॅन्सर' हा शब्द अनेक घरांत आजही मोठ्याने उच्चारला जात नाही. मुलीला झटके येतात हे कळले तर पुढे लग्नात अडचण येईल, या भीतीने शाळेलाच काय, सख्ख्या नातलगांनाही सांगितले जात नाही. इतर मुले जवळ बसणार नाहीत, शिक्षक प्रवेश नाकारतील, अशीही धास्ती असते. ही भीती निराधार आहे असे म्हणून ती जात नाही. परंतु वर्गात झटका आला आणि शिक्षकांना काहीच ठाऊक नसले, तर मुलीच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरली जाते, दातखिळी उघडण्यासाठी तोंडात चमचा घातला जातो आणि पाणीही पाजले जाते. यातील चमचा आणि पाणी जिवावर बेतू शकतात.

प्रत्यक्षात शिक्षकांना सांगायचे असते ते थोडेच. मुलीला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांच्या आत थांबला नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातील फवारा द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या पाच वाक्यांसाठी तिच्या घरात आणखी कोणाला हा आजार आहे, आईच्या बाळंतपणात काय झाले, हे शाळेला सांगण्याची गरज नाही. ज्याला जे काम करायचे आहे त्यापुरती माहिती त्याला द्यावी, हा माहिती वाटण्याचा साधा नियम आहे.

या नियमाने डॉक्टरांना सारे सांगावे लागते, घरातील मुलाला सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना औषधे आणि धोक्याची लक्षणे सांगावी लागतात, अंगणवाडी सेविका व आशा स्वयंसेविकेला लस, आहार आणि पाठपुराव्याच्या तारखा. सहलीच्या बसचालकाला फार तर दूरध्वनी क्रमांक पुरे. भ्रमणध्वनीवरील शंभर-दोनशे जणांच्या गटात मात्र मुलाचा चेहरा, आजाराचे नाव आणि घरचा पत्ता एकत्र टाकणे टाळावे. मदतीचे आवाहन करताना भावनेच्या भरात असे होते. पण एकदा पसरलेले छायाचित्र परत घेता येत नाही, आणि बरे झालेल्या मुलाला मोठेपणी त्याच्यासह जगावे लागते. एचआयव्हीसारख्या आजाराबाबत तर २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेचे बंधनच घातले आहे.

आणखी एकाला विसरून चालत नाही, ते म्हणजे खुद्द मूल. सात-आठ वर्षांच्या मुलाला आपल्या आजाराचे नाव, आपल्याला न चालणारे औषध आणि अडचणीत कोणाला हाक मारायची हे सांगता आले पाहिजे. पुढे बारा-तेरा वर्षांच्या वयात त्याने डॉक्टरांशी स्वतः बोलायला शिकावे. मोठेपणी बालरोगतज्ज्ञ सुटतो आणि नव्या डॉक्टरांपुढे त्याला एकट्यालाच उभे राहायचे असते.

ऐकीव माहितीचा बाजार

दीर्घ आजाराच्या मुलाचे पालक रात्र-रात्र उत्तरे शोधत असतात. या शोधात त्यांना जेवढी मदत मिळते, तेवढीच फसवणूकही वाट्याला येते. सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नतेवर मूलपेशींचे हमखास उपचार, अशा जाहिराती हे त्याचे ठळक उदाहरण आहे. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठराविक आजारांसारख्या मान्यताप्राप्त वापरांपलीकडे मूलपेशींचा उपयोग केवळ नियमबद्ध संशोधन चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेणे अपेक्षित नाही. तरीही अशा आशेपायी जमीन गहाण टाकणारी कुटुंबे आहेत. पैसा जातोच, शिवाय नियमित भौतिकोपचारासाठीचा मोलाचा काळही हातून निसटतो.

माहिती विश्वासार्ह आहे की नाही, हे ओळखण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. सांगणारा कोण, त्याचा या विषयाशी संबंध काय आणि त्याला त्यातून काही विकायचे आहे काय, हा पहिला प्रश्न. माहिती कोणत्या वर्षाची, हा दुसरा. कारण दहा वर्षांपूर्वीचा योग्य उपचार आज बदललेला असू शकतो. ती किती मुलांच्या अनुभवावर आधारलेली आहे, हा तिसरा. 'आमच्या शेजारच्या मुलाला गुण आला' हे खरे असले तरी पुरावा ठरत नाही. त्या मुलाचा आजार वेगळा असेल किंवा तो आपोआपही बरा झाला असेल. दुष्परिणामांबद्दल एक अक्षरही न सांगणारी आणि 'डॉक्टर हे तुमच्यापासून लपवितात' अशी सुरुवात करणारी माहिती बहुधा बाजूला ठेवण्याच्या लायकीची असते. चौथा व शेवटचा प्रश्न : हे आपल्या मुलाला लागू आहे काय? त्याचे उत्तर मुलाला तपासणारा डॉक्टरच देऊ शकतो.

याचा अर्थ पालकांनी पालकांशी बोलू नये असा मुळीच नाही. थॅलेसेमिया किंवा हिमोफिलियाच्या मुलांच्या पालकांना एकमेकांकडून जे मिळते ते कोणत्याही पुस्तकात नसते. रक्त वेळेवर कोठे मिळते, शाळेशी कसे बोलावे, सुईला घाबरणाऱ्या मुलाची समजूत कशी घालावी, हे अनुभवी आईच सांगू जाणे. फक्त अनुभव अनुभव म्हणून सांगावा आणि औषधाची मात्रा डॉक्टरांवर सोपवावी, ही मर्यादा दोघांनी पाळायला हवी.

माहितीचे धागे जुळले नाहीत तर काय होते आणि जुळले तर काय होते, या दोन्हींचे दारुण उदाहरण २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दिसले. डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने तेथे वीसहून अधिक बालके मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. निरनिराळ्या गावांतून आलेल्या या मुलांनी आजारापूर्वी काय घेतले होते, याच्या नोंदी एकत्र आल्या तेव्हा संशय त्या बाटलीकडे वळला. म्हणून मूल गंभीर आजारी पडल्यास दिलेल्या औषधाची बाटली फेकून देऊ नये. ती डॉक्टरांना दाखवावी आणि तिच्यावरील बॅच क्रमांक टिपून ठेवावा.

यंत्रणा आहे, धागा हवा

शासकीय यंत्रणा मुळीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांतील जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वे व इतर पोषणद्रव्यांच्या कमतरतेचे विकार, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब शोधणे हे त्याचे काम. फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळांत एकदा तपासणी करतात आणि पुढील उपचारांसाठी मुलांना पाठवितात. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, त्यांत सोलापूरचा समावेश होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा अंतर्भाव आहे. दुर्मीळ आजारांसाठी २०२१ चे राष्ट्रीय धोरण असून मुंबईचे केईएम रुग्णालय त्याच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

अडचण असते ती दोन टप्प्यांमधील दरीची. पथक मुलाला पुढे पाठविते. मूल तेथे पोहोचले काय, तेथे काय ठरले आणि ते गावातील आरोग्यसेविकेला कळले काय, हा धागा अनेकदा तुटतो. येथे पालकांचा एक हक्क कामी येतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे, आणि आंतररुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षे जपायच्या आहेत. ही मागणी करणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे. रुग्णालयातून घरी सोडताना मिळणारा सारांश स्वच्छ व वाचता येण्याजोगा मिळावा, एवढीच अपेक्षा त्यामागे आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात १४ अंकी क्रमांकाखाली अशा नोंदी संमतीने एकत्र ठेवता येतात. मात्र खेड्यात रात्री वीज आणि जाळे दोन्ही नसते तेव्हा घडी घातलेला कागदच कामी येतो. दोन्ही असावेत, हे उत्तम.

शेवटी प्रश्न वेळेचा

जगभरातील कर्करोगग्रस्त बालकांपैकी किमान ६० टक्के २०३० पर्यंत वाचावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये समोर ठेवले. श्रीमंत देशांत हे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक आहे. या दोन आकड्यांतील अंतर केवळ महागड्या औषधांचे नाही. उशिरा झालेले निदान, अर्धवट सुटलेले उपचार आणि वाटेत हरवलेली माहिती यांचाही त्यात मोठा हिस्सा आहे. औषधांच्या किमती एखाद्या आईच्या हाती नसतात. पिशवीतील कागदांची मांडणी मात्र तिच्या हाती असते, आणि ते एक पान तिच्यासोबत बसून भरून देणे गावातील डॉक्टर, आरोग्यसेविका किंवा शिक्षक यांच्या हाती असते.

बार्शीच्या नोंदणी कर्मचाऱ्यांनी खेड्यापाड्यांत फिरून जे केले, त्यासाठी मोठी यंत्रे लागली नव्हती. लोकांच्या ओसरीवर बसून बोलण्याची तयारी आणि ऐकलेले नीट लिहून ठेवण्याची शिस्त एवढ्या भांडवलावर ते काम उभे राहिले. एका आजारी मुलासाठी तेवढीच शिस्त घराने धरली, तर पहाटेच्या गाडीत बसताना पिशवी हलकी होईल, आणि पलीकडच्या डॉक्टरांचा पहिला अर्धा तास कागद शोधण्यात न जाता मुलाकडे पाहण्यात जाईल. गुंतागुंतीच्या आजारात कित्येकदा तोच अर्धा तास निर्णायक असतो.